किनाऱ्यावरचं ताट आणि उतारवयातला मेंदू

गणपतीला गावी आलेल्या मुलांच्या ध्यानात बहुतेकदा पहिल्यांदा येतं ते स्वयंपाकघरात. फोनवर आई नेहमीसारखीच बोलत असते. "आये, जेवलंस?" "जेवलंय रे." संपलं. घरी आल्यावर मात्र दिसतं की आमटीत मीठ दोनदा पडलंय, नारळ खवून ठेवलाय पण वाटप करायचं राहूनच गेलंय. आयुष्यभर उकडीचे मोदक केलेल्या बाईला आता आधी उकड काढायची की सारण करायचं, हेच सुचेनासं झालंय. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, पाहुण्याचं नाव चटकन न आठवणं हे वयाबरोबर सगळ्यांचंच होतं. हातात बसलेल्या कामाचा क्रम हरवणं वेगळं. तिथे "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं.

त्यानंतर लगेच प्रश्न येतो तो खाण्याचा. आईला काय द्यावं? आणि त्याच्या मागोमाग, जरा दबक्या आवाजात: आपल्याला हे होऊ नये म्हणून आपण काय खावं? मोबाइलवर याची उत्तरं रोज येऊन पडतात. खोबरेल तेल प्या, बदाम भिजवून खा, हळद घ्या, कोकम घ्या. मासे खाणाऱ्याला हा आजार होतच नाही, असंही कोणी छातीठोकपणे सांगतं. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे, आणि सगळ्यात कामाची गोष्ट या संदेशांत सहसा नसतेच.

डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश हा एकच एक आजार नाही. विचार, स्मरण आणि रोजचे व्यवहार ढासळत जाण्याच्या अवस्थेला ते नाव दिलेलं आहे, आणि तिथे नेणाऱ्या वाटा अनेक आहेत. सगळ्यात मोठी वाट अल्झायमरची. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली एका स्त्रीच्या मेंदूत पाहिलेले बदल मांडले. पेशींच्या बाहेर साचलेला अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा थर आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचा गुंता, हीच या आजाराची ओळख आजही मानली जाते. दुसरी मोठी वाट रक्तवाहिन्यांची. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होत जातात आणि त्यांच्या भरवशावरचा भाग उपाशी राहतो. सत्तरी-ऐंशीतल्या माणसात या दोन्ही वाटा पुष्कळदा एकत्र आलेल्या असतात.

भारतात साठीपुढच्या शंभरांपैकी सात-साडेसात माणसांना डिमेन्शिया असावा, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज सांगतो. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. तरुण मंडळी मुंबई-पुण्याला आणि घरात फक्त म्हातारी माणसं, अशी गावं कोकणात कितीतरी आहेत. त्यामुळे हा आकडा आपल्याला परका वाटायचं कारण नाही.

लक्षणं सत्तरीत दिसली तरी मेंदूतले बदल त्याआधी पंधरा-वीस वर्षं सुरू झालेले असतात. म्हणून आईच्या ताटाची काळजी करणाऱ्या पंचेचाळिशीतल्या मुलाने आणि सुनेने आधी स्वतःच्या ताटाकडे बघायला हवं. खाण्याचा मेंदूवर जो काही परिणाम होतो, तो सगळ्यात जास्त बहुधा याच वयात होत असावा. मला या लेखात सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. बाकी सगळं त्याचं कारण आणि तपशील.

अन्न मेंदूपर्यंत कसं पोचतं

मेंदूचं वजन जेमतेम सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण आपण बसल्या जागी जी ऊर्जा खर्च करतो, तिच्यातली वीसेक टक्के हा एकटा घेतो. साठवण मात्र त्याच्याकडे जवळजवळ नाही. रक्त दर क्षणाला पोचायलाच हवं, आणि ते पोचवतात शेकडो किलोमीटर लांबीच्या, केसाहून बारीक वाहिन्या.

पोफळीच्या बागेत पाटाने पाणी देतात, तेव्हा पाट मध्ये कुठे गाळाने भरला की पहिली झळ लागते ती टोकाच्या झाडांना. वरच्या अंगाची झाडं हिरवीगार दिसतात, म्हणून मालकाला पत्ताही लागत नाही. मेंदूच्या खोल भागातल्या वाहिन्या अशाच टोकाच्या आहेत. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब त्यांच्या भिंती जाड आणि ताठ करतो, रक्तातली वाढलेली साखर आतलं अस्तर खराब करते, आणि वाईट कोलेस्टेरॉल मोठ्या वाहिन्यांत थर चढवतं. माणसाला अर्धांगाचा झटका येत नाही, काही दुखत नाही. फक्त एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसू लागतात आणि विचारांचा वेग मंदावतो. कामाची आखणी, क्रम, हिशेब हे आधी जातं.

वाहिन्या जपल्या तर मेंदू जपला जातो याचा भक्कम पुरावा अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतून मिळाला. ५० वर्षांपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांत निम्म्यांचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणि निम्म्यांचा १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, रक्तदाब जास्त उतरवलेल्या गटात सौम्य बौद्धिक घट होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. रक्तदाब तिथे गोळ्यांनी उतरवला होता, खाण्याने नव्हे. पण मिठाबद्दल पुढे जे लिहिणार आहे, त्याचा आधार हाच.

दुसरा रस्ता साखरेचा. मेंदूच्या पेशींनाही इन्सुलिनचा संदेश लागतो. मधुमेहात हा संदेश शरीरभर बोथट होतो आणि मेंदू त्याला अपवाद नसतो. मध्यम वयात मधुमेह असलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त असतो, हे अनेक देशांत दिसलेलं आहे.

तिसरा रस्ता बी-१२ या जीवनसत्त्वाचा, आणि आपल्याकडे तो फार महत्त्वाचा. बी-१२ कमी पडलं की मज्जातंतूंवरचं आवरण बिघडतं आणि रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की सौम्य विस्मरण असलेल्या वृद्धांना बी गटातली जीवनसत्त्वं दिली तर मेंदू आकसण्याचा वेग कमी होतो. फायदा ज्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं त्यांनाच ठळकपणे झाला. म्हणजे कमतरता असेल तर औषध, नसेल तर नुसता खर्च. बी-१२ ची मोठी कमतरता हुबेहूब डिमेन्शियासारखी दिसू शकते, आणि ती वेळेत सापडली तर भरून काढता येते. म्हणून विसराळूपणासाठी डॉक्टरांकडे गेलात तर बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्यात ना, हे जरूर विचारा.

मेंदूच्या पेशींच्या आवरणात ओमेगा-३ प्रकारची चरबी असते, ती मुख्यतः माशांतून मिळते. हा चौथा रस्ता. आतड्यातले जिवाणू आणि शरीरातला मंद दाह यांचाही संबंध जोडला जातोय. ते संशोधन अजून कोवळं आहे. त्याच्या जोरावर कोणी महागडी पावडर विकत असेल तर घेऊ नका.

अभ्यास काय सांगतात

२०१५ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'माइंड' नावाचा आहार मांडला. पालेभाज्या, इतर भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुका मेवा, बेरीवर्गीय फळं, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर. लोणी, चीज, लाल मांस, तळलेलं आणि गोड कमी. नऊशेहून अधिक वृद्धांना सरासरी साडेचार वर्षं पाहिलं, तेव्हा हा आहार काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी दिसलं. आकडा जगभर गाजला. त्याच गटाने २०१८ मध्ये दाखवलं, की रोज एक वाटीच्या आसपास पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी जवळपास न खाणाऱ्यांच्या तुलनेत ११ वर्षांनी तरुण असल्यासारखी टिकून होती.

पण हे सगळं निरीक्षण होतं. जो माणूस रोज पालेभाजी खातो तो बहुधा चालतोही, शिकलेला असतो, सिगारेट ओढत नाही, औषधं वेळेवर घेतो. श्रेय भाजीचं किती आणि बाकीच्याचं किती? संशोधक आकडेमोड करून हा गुंता सोडवायचा प्रयत्न करतात, तो पूर्ण सुटत नाही. दुसरी अडचण याहून अवघड. डिमेन्शिया दिसायच्या कित्येक वर्षं आधी भूक मंदावते, वजन उतरतं, स्वयंपाकाचा कंटाळा येतो. म्हणजे खाणं बिघडलं म्हणून मेंदू बिघडला, की मेंदू बिघडू लागला म्हणून खाणं बिघडलं, हे चार-पाच वर्षांच्या अभ्यासात ओळखता येत नाही. इंग्लंडमध्ये आठ हजारांवर सरकारी नोकरांच्या मध्यम वयातल्या आहाराची नोंद ठेवून त्यांना सुमारे २५ वर्षं पाहिलं गेलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा आहाराची एकूण प्रत आणि पुढचा डिमेन्शिया यांत संबंध आढळला नाही.

मग २०२३ मध्ये 'माइंड' आहाराची खरी चाचणी प्रसिद्ध झाली. ६०४ वृद्ध, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट, तीन वर्षं. एका गटाला 'माइंड' आहार, दुसऱ्याला त्यांचाच नेहमीचा आहार, आणि दोघांनाही थोडं कमी खायला सांगितलेलं. दोन्ही गटांची कामगिरी थोडी सुधारली, पण त्यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

हे वाचून "मग कशाला पथ्य पाळायचं?" असं म्हणू नका. पासष्ठीनंतरची तीन वर्षं आणि चाळिशीपासूनची तीस वर्षं यांची तुलना होत नाही. आणि एकट्या आहाराने जे दिसलं नाही, ते इतर गोष्टींच्या जोडीने दिसलेलं आहे. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूला काम, आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. २०१५ च्या निष्कर्षांत या गटाची बौद्धिक क्षमता, नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा जास्त सुधारली. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या तशाच चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले आणि तेही त्याच दिशेचे आहेत.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली. ती सगळी आवरली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज. त्या यादीत 'आहार' हे वेगळं कारण नाही. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा आणि अति मद्यपान आहे, आणि या पाचही गोष्टींची वाट स्वयंपाकघरावरून जाते. आहाराचं महत्त्व मी तरी इथेच शोधतो. अमुक पदार्थात मेंदूचं टॉनिक आहे का, हे शोधण्यात वेळ घालवू नये.

बाजारातून ताटात

ऑलिव्ह तेल आणि ब्लूबेरी हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात मिळत नाहीत आणि मिळायची गरजही नाही. कोकणातलं साधं घरगुती जेवण या संशोधनाच्या बरंच जवळ आहे. कुठे ते जवळ आहे आणि कुठे घसरतं, ते बघू.

मासळीत भाव आणि गुण यांचा मेळ नाही. पापलेट-सुरमईसाठी घासाघीस होते, पण ओमेगा-३ च्या बाबतीत बांगडा आणि तारली, पेडवे ही स्वस्त मासळी उत्तम. ती लहान आणि अन्नसाखळीत खालची असल्याने तिच्यात पाराही कमी साठतो. मोरीसारख्या (शार्क) मोठ्या शिकारी माशांत तो जास्त असतो. पाऱ्याच्या भीतीने मासे सोडायचं कारण मात्र नाही. शिकागोच्याच गटाने २०१६ मध्ये २८६ मृत वृद्धांचे मेंदू तपासून पाहिले. आठवड्याला निदान एकदा मासे खाणाऱ्यांच्या मेंदूत पारा थोडा जास्त होता, पण त्याचा मेंदूच्या हानीशी संबंध दिसला नाही. उलट ज्यांच्यात अल्झायमरचा धोका वाढवणारा एपीओई-४ हा जनुकीय प्रकार होता, त्या मासे खाणाऱ्यांत अल्झायमरच्या खुणा कमी होत्या. माशाच्या तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांत असा फायदा आढळला नाही. मोठ्या चाचण्यांतही या गोळ्यांनी निराशाच केली आहे. तेव्हा बांगडा खा, कॅप्सूलवर पैसे घालवू नका.

शिजवायची रीतही बघायला हवी. अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६० निरोगी वृद्धांच्या मेंदूचं चित्रण अभ्यासलं. आठवड्याला भाजलेला मासा खाणाऱ्यांच्या मेंदूत स्मरणाशी निगडित भाग जास्त भरलेले होते. तळलेल्या माशाने तसं दिसलं नाही. तिरफळ ठेचून घातलेलं बांगड्याचं तिखलं तिथे कोणी तपासलं नव्हतं. तरी रव्यात घोळवून भरपूर तेलात तळलेल्या तुकडीपेक्षा तिखलं किंवा कालवण भाजलेल्या माशाच्या जवळचं आहे, असं माझं मत. तळलेली तुकडी सणावारी, पाहुण्यांसाठी ठेवावी.

सुक्या मासळीचं गणित वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि घरोघर डबे उघडतात. उन्हात टांगून सुकवलेले बोंबील किंवा जवळा यांत प्रथिनं भरपूर, कॅल्शियम भरपूर, मीठ तुलनेने बेताचं. मिठात मुरवलेला खारा बांगडा मात्र नावाप्रमाणेच खारा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. आता पावसाळ्यातलं एक जेवण डोळ्यांसमोर आणा: पेज, सोबत खाऱ्या बांगड्याचा भाजलेला तुकडा, तळलेली खारातली मिरची, पोह्याचा पापड, आंब्याचं लोणचं. पोट भरलं, चव आली, आणि दिवसाचं मीठ बहुधा या एका बसणीतच संपलं. खारा मासा शिजवण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी एक-दोनदा बदललं तर बरंच मीठ निघून जातं. मिरची, पापड, लोणचं यांतलं एका वेळी एकच घ्यावं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या घरात तर एवढं कराच.

भाताबद्दल बोललं की कोकणी माणूस दुखावतो, तरी बोलायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं, आणि गोव्यात २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. जेवण आपलं आणि त्यांचं फारसं वेगळं नाही. भाताचा दोष मुख्यतः ढिगात आहे. शेतात नांगर धरणारा, होडी वल्हवणारा माणूस जेवढा भात खायचा, तेवढाच आज दुकानात बसणारा त्याचा नातू खातो. उकड्या तांदळाने साखर पांढऱ्या तांदळापेक्षा सावकाश चढते, म्हणून तोच बरा. ढीग अर्धा करून ती जागा काळ्या वाटाण्याच्या उसळीने, कुळथाच्या पिठीने, चवळीने, वालाच्या बिरड्याने भरावी, आणि एका वेळी नाचणीची भाकरी घ्यावी. कुळीथ गरिबाघरचं म्हणून मागे पडलं होतं. त्याच्यातली प्रथिनं आणि चोथा बघता त्याला रोजच्या जेवणात जागा द्यायला हवी.

पालेभाजीच्या बाबतीत पावसाळा आपल्यावर मेहेरबान असतो. पहिल्या सरींनंतर टाकळा, कुर्डू, भारंगी बांधावर आपोआप उगवतात. शेवग्याचा पाला आणि अळू परसातच असतं. शिकागोच्या पालेभाजीच्या निष्कर्षामागे हिरव्या पानांतलं फोलेट, जीवनसत्त्व के आणि ल्युटिन असावं असा संशोधकांचा कयास आहे, आणि ही द्रव्यं कोणत्याही गडद हिरव्या पानात सापडतात. अडचण येते ती गणपतीनंतर, रानभाज्या संपल्यावर. तेव्हा परसातल्या शेवग्याची आठवण ठेवा. तो बारा महिने पाला देतो.

आता खोबरेल. दावा असा: मेंदूला ग्लुकोज वापरता येईनासं झालं की तो कीटोन (चरबीपासून बनणारं इंधन) वापरू शकतो, खोबरेलातून कीटोन बनतात, म्हणून रोज दोन चमचे प्यावं. यातला पहिला भाग बरोबर आहे. पण खोबरेलातला सगळ्यात मोठा वाटा लॉरिक आम्लाचा, आणि त्यातून कीटोन फारच थोडे बनतात. खोबरेलातली सुमारे ९० टक्के चरबी संपृक्त असते. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं हे अनेक चाचण्यांत दिसलंय, आणि २०२४ च्या त्या १४ कारणांत वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल हे नव्याने घातलेल्या दोन कारणांपैकी एक आहे. मेंदू वाचवायला म्हणून तेल प्यायचं आणि त्याच मेंदूच्या वाहिन्या खराब करायच्या, असं होऊन बसतं. कालवणातल्या नारळाच्या वाटपाला मी भीत नाही. खवलेल्या नारळात चोथा असतो, आणि चारजणांच्या आमटीत तो अर्धी वाटी जातो. औषध म्हणून तेल पिण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

सोलकढी प्या, सुरेख लागते. कोकमाने स्मरणशक्ती टिकते याला माणसांवरच्या अभ्यासांचा आधार नाही. हळदीचंही तेच: स्वयंपाकात असू द्या, कॅप्सूल नको. काजू-शेंगदाणे मूठभर, बिनमिठाचे. दारूबाबत "थोडी घेतली तर मेंदूला चांगली" हा जुना समज आता टिकलेला नाही, मग ती माडी असो, फेणी असो की बाटलीतली.

माशापेक्षा, भातापेक्षा मला जास्त चिंता वाटते ती बेकरीच्या पिशवीची. सकाळी चहाबरोबर खारी, दहाला बटर, चारला बिस्किटं, रात्री भूक नाही म्हणून पुन्हा चहा-टोस्ट. मैदा, साखर, मीठ आणि हलक्या प्रतीची चरबी, तीही दिवसातून चारदा. ब्राझीलमध्ये दहा हजारांवर लोकांच्या अभ्यासात, ज्यांच्या रोजच्या ऊर्जेतला वीस टक्क्यांहून अधिक वाटा कारखान्यातल्या अतिप्रक्रिया केलेल्या खाण्याचा होता, त्यांची बौद्धिक घट इतरांपेक्षा २८ टक्के वेगाने झालेली दिसली. हा २०२२ चा निष्कर्षही निरीक्षणाचाच आहे, म्हणून ठोस पुरावा म्हणता येणार नाही. पण घावण्याची आणि आंबोळीची परंपरा असलेल्या घरात रोज बटर का खावं, याचं उत्तर माझ्याकडे तरी नाही.

एकट्याचं जेवण

खारी-बटर कोण खातं, ते बघा. ज्या घरात एकच माणूस उरलंय, ते. एकटीसाठी मासे कोण आणणार, साफ कोण करणार, वाटप कोण वाटणार? पेज आणि लोणचं, भात आणि ताक, यावर कितीतरी म्हाताऱ्या दिवस काढतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, साधं सात्त्विक खातात. प्रत्यक्षात प्रथिनं कमी, बी-१२ कमी, वजन उतरत चाललेलं. या वयात कमी खाण्याचे सल्ले उपयोगाचे नाहीत, खाणं वाढवायला हवं. अंडं चालत असेल तर रोज एक अंडं. तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर उत्तम, बी-१२ इतकं भरपूर असलेले पदार्थ थोडेच. शाकाहारी असतील तर दूध-दही आणि रक्ताची तपासणी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होत जातं, त्यांनी तर नक्की तपासावं.

फोनवर "जेवलंस?" विचारण्यापेक्षा "काय जेवलंस?" विचारा. शेजारच्या घरी पैसे देऊन एक वेळचा डबा लावता आला तर लावा. त्या डब्याबरोबर दिवसातून एकदा कोणीतरी दारात येतं आणि दोन शब्द बोलतं, हेही कमी नाही. एकाकीपणा त्या १४ कारणांत आहेच. ऐकू कमी येणं आणि मोतीबिंदूसारख्या कारणाने कमी दिसणं हीसुद्धा त्यातलीच, आणि कानाला यंत्र लावणं हे कुठल्याही पदार्थापेक्षा जास्त कामाचं ठरू शकतं. खाण्याबद्दलच्या लेखात हे लिहिणं मला भाग वाटतं, कारण बदामावर महिन्याला खर्च करणारी मुलं आईच्या कानांची तपासणी पुढे ढकलताना मी पाहिली आहेत.

आजार सुरू झाल्यावर

एकदा डिमेन्शियाचं निदान झालं की कोणत्याही खाण्याने तो परतवता येत नाही. परतवता येतो असं सांगणाऱ्यापासून पैसे जपा. खाण्याचं काम तेव्हा बदलतं: वजन टिकवणं, पाणी पोटात जाणं, घास सुखाने गिळला जाणं. तहान सांगता येत नाही, म्हणून पेज, ताक, कढण अशा रूपात दिवसभर थोडं थोडं पाणी द्यावं. मिठाचं पथ्य किती ताणायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. बेचव म्हणून जेवण नाकारलं जात असेल तर थोडी सूट बरी. पांढऱ्या ताटात पांढरा भात नीट दिसत नाही, गडद रंगाची ताटली घेतली तर हात बरोबर घासाकडे जातो. चमचा वापरणं जमेनासं झालं तर आंबोळीचे, घावण्याचे लहान तुकडे हातात द्यावेत, स्वतःच्या हाताने खाणं जितके दिवस टिकेल तितकं टिकवावं.

आणि मासे. आयुष्यभर काटेरी मासळी सहज खाल्लेल्या माणसाला या आजारात काटा तोंडात ओळखून बाजूला काढणं जमेनासं होतं. तारली, पेडवे, मांदेली यांचे बारीक काटे तेव्हा धोक्याचे. सुरमईचा मधला तुकडा घ्यावा, काटा काढून मांस बोटांनी चुरडून, चाचपून बघावं आणि मऊ भातात कालवावं. माणूस सरळ बसलेला असावा, घास छोटा, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नको, जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नये. जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. घरात दुसरं कोणी नसेल आणि कुठे विचारावं ते सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे.